केळकर संग्रहालय: सोबत साडेसहा आणि तीन वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई. जमेल का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी आम्ही सांगलीहून पुण्याला एका लग्नाला येतोय. कार्यालय टिळक रोडला आहे आणि उतरायची सोयही तिथेच आहे. रविवारची परतीची एसटी संध्याकाळची, त्यामुळे सकाळ रिकामी आहे. यजमान म्हणतात, सरळ मॉलमध्ये जाऊ, मुलं खेळतील आणि आपण बसू. मला मात्र राजा केळकर संग्रहालय बघायचंय. शाळेच्या सहलीत एकदा आणलं होतं. रांगेत आत गेलो, रांगेत बाहेर आलो, पुढच्या मुलीच्या वेणीची लाल रिबीन तेवढी आठवते.

मुलगी साडेसहा वर्षांची आहे, दिवसभर "हे काय, असं का" चालू असतं. मुलगा तीनचा. त्याचा जीव हातात आहे, जे दिसेल ते हातात हवं. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात, पण "मी कार्यालयात बसून काय करू" म्हणतायत.

तर विचारायचं असं, की एवढ्या लहान मुलांना तिथे काही कळेल का? किती वेळ धरावा? सासूबाईंना न्यावं की नको? आणि यजमानांना काय सांगून पटवू, हेही कुणाला सुचत असेल तर सांगा.

रुळावरून

खरं सांगू का ताई, तीन वर्षांच्या मुलाला काचेच्या कपाटांसमोर नेणं म्हणजे त्यालाही शिक्षा आणि तुम्हालाही. आमच्या कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे न्या. कै. भाऊ जोशींनी आयुष्यभर हौसेने केलेल्या गाड्या, सिग्नल, पूल, बोगदे. १९९८ सालापासून लोकांसाठी खुलं आहे. सगळ्यांना बसवून प्रयोग दाखवतात. अंधार होतो, गावातले दिवे लागतात, एकेक गाडी सुटते. माझा मुलगा त्याच वयाचा असताना श्वास रोखून बसला होता. निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या, म्हणजे बाहेर ताटकळावं लागणार नाही. केळकर संग्रहालय मुलं दहा वर्षांची झाली की बघा, ते कुठे पळून जात नाही.

फळा_आणि_खडू

मी शुक्रवार पेठेत राहतो. संग्रहालय घरापासून इतकं जवळ की चहा गॅसवर ठेवून जाऊन यावं. (हे करू नये. बायकोने वाचलं तर पंचाईत.) शाळेत चित्रकला शिकवायचो, तेव्हा वर्गच्या वर्ग तिथे नेले आहेत. आता निवृत्त झालो, नातवंडं नेतो.

आधी सासूबाईंचं. त्यांना न्यावं का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, त्या येत नसतील तर तुम्हीही जाऊ नका, खुशाल मॉल गाठा.

कारण हे संग्रहालय घरातल्या वस्तूंचं आहे. समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, शेवया पाडायचं यंत्र, जुनी कोरीव दारं, खिडक्या, बाहुल्या, खेळणी. शेजारच्या पाटीवर वस्तूचं नाव असतं. पण "वज्री" असं वाचून तुमच्या मुलीला काय कळणार? तुम्हालाही कळेल की नाही, शंका आहे. सासूबाई सांगतील, की न्हाणीघरात ठेवायची, तिच्यावर टाच घासायची. तिथल्या वज्र्यांवर पितळेचे पक्षी आणि प्राणी बसवले आहेत. टाच घासायच्या वस्तूवर कुणी एवढी नक्षी कशाला करेल, यावर मुलगी त्यांच्याशी हुज्जत घालेल आणि तिथेच तुमची दहा मिनिटं छान जातील. वर्ग घेऊन जायचो तेव्हा मला याचीच उणीव भासायची. चाळीस मुलं, मी एकटा, आणि ओटा उभा झाल्यानंतर जन्मलेली ती सगळी पिढी. एकदा एका मुलाची आजी मदतीला म्हणून आली. त्या दिवशी मी मागे उभा राहिलो आणि सगळी पोरं तिच्याभोवती.

गुडघ्यांचं म्हणाल तर वरच्या मजल्यांवर जायला जिने आहेत. सगळे मजले करायचा हट्ट धरू नका. जमेल तेवढं बघावं, दमलं की टेकावं.

आता वेळ. संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या आहेत. अडीच हजार वस्तू माझ्याच्याने एका दमात बघवत नाहीत, तर तीन वर्षांच्या मुलाने का बघाव्यात? तास, फार तर सव्वा तास धरा. पोरं अजून खुशीत असतानाच बाहेर पडा. रडायला लागल्यावर बाहेर काढलं तर त्यांच्या लक्षात रडणंच राहतं.

आत काय करायचं, तर एक प्राणी ठरवायचा. मी मोर देतो. "आज आपल्याला फक्त मोर शोधायचेत." मग दिव्यावर मोर, अडकित्त्यावर मोर, दाराच्या चौकटीत मोर. पोपट, हत्ती, घोडे वाटेत फुकट भेटतात. ज्या कपाटात मोर नाही त्याच्यासमोर थांबायचंच नाही. पालकांना हे फार जड जातं. तिकीट काढलंय ना, मग सगळं वसूल व्हायला हवं. नाही व्हायला हवं. मोर मोजू मात्र नका, मोजायला लागलं की पोरं पळत सुटतात.

मुलीजवळ एक वही आणि शिसपेन्सिल द्या. पेन नको, पेनने रेघ चुकली की मुलं पान फाडतात. तिला आवडेल ती एकच वस्तू काढू द्या. "छान आलंय" म्हणू नका, "याला खाली पाय किती आहेत गं?" असं विचारा. ती पुन्हा वर बघेल. हे पुन्हा वर बघणं मी तीस वर्षं शिकवत होतो, बाकी चित्रकला मुलांना आपोआप येते.

धाकट्यासाठी उपाय सोपा आहे. हात मागे बांधून चालायचं, आपण वाड्याचे पहारेकरी. थोडा वेळ टिकतं. नंतर कडेवर घ्यावं. कडेवर घेतलं की डोळे काचेच्या उंचीला येतात आणि हातही आपल्याच ताब्यात राहतात. कपाटं मोठ्या माणसांच्या बेताने मांडलेली असतात हो, तीन वर्षांच्या मुलाला खालून लाकडाची कड तेवढी दिसते. तो कंटाळणार नाही तर काय?

वाद्यांचं दालन चुकवू नका, पण तिथे पोरं हटकून विचारतात, "वाजवून का दाखवत नाहीत?" रास्त प्रश्न आहे. मी घरूनच सारंगीचा आणि शहनाईचा एकेक तुकडा फोनमध्ये घेऊन जातो आणि बाहेर आल्यावर ऐकवतो. आत फोन वाजवू नका, बाकीचे लोकही बघायला आलेले असतात.

मस्तानी महाल तिथे आहे. तो मुळात कोथरूडला होता. त्याचे भाग आणून केळकरांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला. पडद्यावरचे आरसे आणि कारंजी डोक्यात ठेवून गेलात तर तो लहान वाटेल. मुलांच्या डोक्यात असलं काही नसतं, त्यांना झुंबर आवडतं.

आणि एक. मुलगी दारातच विचारणार, "हा कुठला राजा?" प्रत्येक मूल विचारतं. त्याचं उत्तर घरूनच ठरवून या. राजा हा केळकरांचा मुलगा, लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीत संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे काही संस्थानिक नव्हेत. घरचा चष्म्यांचा धंदा, कविता करायचे 'अज्ञातवासी' या नावाने. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले ते थांबलेच नाहीत. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरून, अडगळीतून वस्तू आणल्या. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. १९६२ मध्ये संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. मुलांना मी राजाचं खरं तेच सांगतो. ती "हो का" म्हणतात, क्वचित "किती वर्षांचा होता" विचारतात, आणि पुढच्या कपाटाकडे जातात. अडखळतात ते सोबतचे आईबाप.

रुळावरून

मास्तर, मोराची युक्ती झकास आहे. पण तीन वर्षांची असून मोर शोधत फिरणारी मुलं तुमच्या घरची असतील. आमच्याकडे पहारेकरी पाचव्या मिनिटाला तोफ होतो.

फळा_आणि_खडू

तोफ झाली की बाहेर अंगणात न्यावी, थंड होते. दोन मोठी माणसं हवीत, एक आत आणि एक तोफखान्यावर. यजमानांना हेच काम द्या. बसायला मिळणार म्हटल्यावर मॉलचा आग्रह आपोआप सुटेल.

आणि तुमच्या रेल्वेला माझा विरोध नाही. मी स्वतः नातवाला नेलंय आणि त्याच्यापेक्षा मीच पुढे झुकून बघत होतो. फक्त टिळक रोडवरून कोथरूड, प्रयोगाची वेळ, परत सामान उचलून स्वारगेट, हे सगळं एका सकाळी जरा ताणाचं होतं. शिवाय तिथे पोरं बसून बघतात. बोलायचं, आजीला विचारायचं, असं प्रयोग चालू असताना होत नाही. साडेसहा वर्षांच्या प्रश्नकर्तीला तेच नको असेल.

गिरगावातली_शुभा

सांगलीकर ताई, पुण्याचं मला फार माहीत नाही, पण पुढेमागे मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात मुलांचं वेगळं संग्रहालय आहे, २०१९ ला सुरू झालंय. गोरखचिंचेच्या जुन्या झाडापाशी बांधलंय. तिथे मुलांनी हाताळावं, करून बघावं अशीच कल्पना आहे, त्यामुळे तुमच्या धाकट्याला "हात लावू नको" ऐकावं लागणार नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही लहानांना आवडतं. मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या, जुन्या मुंबईची माणसं, त्यांचे पोशाख, धंदे. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीहून आणलेला. ते बेट इंग्रजीत ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा हत्ती. शेजारीच राणीची बाग. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार! तोफखान्याची कल्पना यजमानांना वाचून दाखवली, हसले आणि तयार झाले. मास्तर, आता जायचं कसं? टिळक रोडवरून रिक्षा करू की चालत? सामान कार्यालयातच ठेवता येईल. आणि आसपास मुलांना खायला काय मिळेल?

फळा_आणि_खडू

टिळक रोडवरून रिक्षाला "बाजीराव रोड, नातूबाग" सांगा. नुसतं "केळकर म्युझियम" म्हटलं तरी पेठेतला रिक्षावाला आणतो. धडधाकट माणूस चालत येईल, पण गुडघे आणि धाकटा लक्षात घेता रिक्षाच बरी. स्वतःची गाडी आणली असती तर लावायला जागा शोधण्यातच सकाळ गेली असती, एसटीने येताय ते उत्तम.

सकाळी दहाला उघडतं. उघडल्या उघडल्या जा. रविवारी अकरानंतर गर्दी वाढते आणि गर्दीत धाकट्याला काचेपर्यंत नेता येत नाही. पोहे-बिहे खाऊन, पाणी पिऊन, बाकीचे विधी कार्यालयात उरकून मगच निघा. उपाशी मुलाला जगातलं कुठलंही संग्रहालय दाखवू नये.

बाहेर पडल्यावर तुळशीबाग पाच-दहा मिनिटांवर आहे. तिथे भातुकली मिळते, पितळेची घ्या, स्टीलची घ्या, लाकडी घ्या. आत खरी भांडी बघून आलेल्या मुलांना बाहेर त्यांचीच लहान रूपं दिसली की काय होतं ते बघाच. पैशांचं पाकीट यजमानांकडे ठेवा म्हणजे हात आखडता राहील.

परतताना मंडईच्या भुयारी स्टेशनवरून मेट्रो पकडली तर पुढचंच स्टेशन स्वारगेट, आणि एसटी स्टँड तिथेच. सामान घ्यायला आधी कार्यालयात जावं लागेल म्हणा. पण मुलांनी मेट्रो बघितली नसेल तर एकाने सामान आणावं आणि बाकीच्यांनी जमिनीखालून जावं. रुळावरून यांनाही तेवढंच समाधान.

कृष्णाकाठची

जाऊन आलो. ज्यांना मुलं घेऊन जायचंय त्यांच्यासाठी थोडं लिहिते.

मोर चालला नाही. मुलीने दारातच जाहीर केलं की तिला साप शोधायचाय. मास्तर, तुमची युक्ती सापावरही चालते, फक्त साप कमी असल्यामुळे जास्त भटकावं लागतं. "कुठला राजा" हे मात्र तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी तयारी करून गेले होते तरी घशात आलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मग त्याची खेळणी पण आत आहेत का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आत गेल्यावर खेळण्यांच्या कपाटासमोर ती इतर कपाटांपेक्षा जास्त वेळ थांबली, एवढं मी बघितलं.

सासूबाईंनी कमाल केली. एरवी पाय दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाहीत, पण अडकित्त्यांच्या कपाटापासून हलायला तयार नव्हत्या. त्यांच्या वडिलांकडे घोड्याचा आकार असलेला अडकित्ता होता म्हणे, वाटण्यांमध्ये कुणाकडे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यावरून त्यांनी जे काही सांगायला सुरुवात केली, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी कधी ऐकलं नव्हतं. शेजारी उभं असलेलं एक अनोळखी जोडपंही ऐकत उभं राहिलं. शेवयांच्या यंत्रासमोर मुलीने "मॅगीचं मशीन" म्हटलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, पण नंतर यजमानांना तेच नाव सांगत होत्या. एका मजल्यानंतर त्या थांबल्या, मी आणि मुलगी वर जाऊन आलो.

धाकटा पहारेकरी झालाच नाही. कडेवर घेतलं तेव्हा मात्र दिव्यांकडे टक लावून बघत होता. दिवे म्हणजे त्याला फुंकर मारायची वस्तू, त्यामुळे प्रत्येक कपाटावर फुंकर आणि काचेवर धुकं. तिथल्या काकांनी हसून रुमाल दिला. मग यजमान त्याला घेऊन बाहेर गेले ते आम्ही येईपर्यंत बाहेरच होते, दोघंही खूश. बाबागाडी नेली असती तर जिन्यांवर अडचण झाली असती, नेऊ नका.

साधारण सव्वा तास लागला. मुलीने दौत काढली आहे. दौतीला चार पाय दिलेत, खऱ्या दौतीला होते की नाही यावर आमचं घरात एकमत नाही.

भातुकली घेतली. दोन घ्या, एक घेऊ नका, एवढंच सांगते.

आता शुभाताईंना एक विचारायचंय. दिवाळीत मुंबईला नणंदेकडे जायचा बेत आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आहेत ना? धाकटा घाबरेल का?

गिरगावातली_शुभा

हो, प्राण्यांचा विभाग आहे. मागे जंगलाचा देखावा रंगवलेला आणि पुढे प्राणी. माझी मुलगी त्या वयात वाघाला घाबरली नाही, पण "हा हलत का नाही" म्हणून रडली. हलत नाही हे आधीच सांगून ठेवा. आणि मुलांचं संग्रहालय आधी बघा, मोठी इमारत नंतर. उलट केलंत तर मोठ्या इमारतीतच दमतात आणि ज्यासाठी गेलात ते राहून जातं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते, जाण्याआधी चौकशी करा.

रुळावरून

ताई, सासूबाईंच्या अडकित्त्याचा पत्ता लागला तर इथे कळवा. आणि पुढच्या खेपेला कोथरूड!